ऊन, वीज आणि ताणलेले कार्ड

जानेवारीत रात्रीच्या वेळी बारामतीतल्या घरात वीस-बावीस अंश तापमान असते. मे महिन्यात बाहेर पारा चाळिशी ओलांडतो आणि स्लॅबखालच्या खोलीत दिवस मावळल्यावरही उकाडा हटत नाही. माणूस पंखा वाढवतो आणि सोसतो. ओव्हरक्लॉक केलेल्या, म्हणजे ठरवून दिलेल्या वेगापेक्षा जास्त पळवलेल्या, ग्राफिक्स कार्डाला ते जमत नाही. हिवाळ्यात तासन्‌तास विनातक्रार चाललेले सेटिंग उन्हाळ्यात अर्ध्या तासात मान टाकते. खेळ ऐन रंगात असताना चित्र गोठते, आवाज एकाच सुरावर अडकतो, पडदा क्षणभर काळा होतो आणि मग डेस्कटॉप परत दिसतो. सोबत सूचना येते, की डिस्प्ले ड्रायव्हरने प्रतिसाद देणे थांबवले होते, तो आता पुन्हा सुरू झाला आहे.

सूचनेत ड्रायव्हरचे नाव असते, म्हणून दोषही त्याच्याच माथी बसतो. खेळणारा ड्रायव्हर काढतो, नवा टाकतो. पुन्हा बिघडले की जुना शोधून टाकतो. तरीही बिघडले की विंडोजच नव्याने बसवतो, आणि सुट्टीचा दिवस त्यातच संपतो. पुढच्या पानांतली पुस्तिका ही सवय मोडावी म्हणून लिहिलेली आहे. तिचे म्हणणे असे, की ओव्हरक्लॉक केलेल्या कार्डाचा ड्रायव्हर कोसळणे हे बहुतेक वेळा लक्षण असते. बारामती-इंदापूरसारख्या भागात त्याचे मूळ शोधायचे, तर सॉफ्टवेअरच्या आधी खोलीचे तापमान आणि भिंतीतून येणारी वीज तपासली पाहिजे.

त्यासाठी ती सूचना नेमके काय सांगते, हे आधी समजून घ्यावे लागेल. ड्रायव्हर हा विंडोज आणि कार्ड यांच्यामधला प्रोग्रॅम. गेमने मागितलेले चित्र कार्डाला कळेल अशा आज्ञांत उतरवणे हे त्याचे काम. विंडोज एक्सपीच्या काळात कार्ड अडकले की अख्खा संगणक अडकायचा, आणि बटण दाबून तो बंद करण्यावाचून इलाज नसायचा. ३० जानेवारी २००७ रोजी सर्वसामान्य ग्राहकांसाठी आलेल्या विंडोज व्हिस्टामध्ये मायक्रोसॉफ्टने टीडीआर नावाची व्यवस्था आणली. टाइमआउट डिटेक्शन अँड रिकव्हरी हे तिचे पूर्ण नाव. कार्डाला दिलेले काम दोन सेकंदांत हातावेगळे झाले नाही आणि मध्येच थांबवताही आले नाही, तर कार्ड अडकले असे विंडोज धरून चालते. मग ते ड्रायव्हर आणि कार्ड दोन्ही नव्याने सुरू करते आणि इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ४१०१ क्रमांकाची नोंद पडते. एका मिनिटात पाचहून अधिक वेळा असे घडले, किंवा ड्रायव्हर पुन्हा उभा राहिलाच नाही, तर निळा पडदा येतो आणि त्यावर ‘व्हिडिओ टीडीआर फेल्युअर’ असे लिहिलेले असते.

म्हणजे त्या सूचनेचा अर्थ एवढाच, की कार्डाने दोन सेकंदांत उत्तर दिले नाही. का दिले नाही, ते तिच्यात नसते.

ड्रायव्हरवरचा राग अगदी निराधार आहे असेही नाही. व्हिस्टाच्या जाहिरातीवरून अमेरिकेत मायक्रोसॉफ्टवर खटला झाला, तेव्हा कंपनीची अंतर्गत कागदपत्रे २००८ मध्ये उघड झाली. २००७ मधल्या क्रॅशच्या नोंदींपैकी सुमारे २९ टक्के एनव्हिडियाच्या ड्रायव्हरच्या खात्यावर असल्याचे त्यांत दिसले. मार्च २०१० मध्ये एनव्हिडियाला १९६.७५ हा ड्रायव्हर मागे घ्यावा लागला, कारण काही कार्डांचे पंखे त्यामुळे नीट फिरत नव्हते आणि कार्डे तापत होती. अशा वेळी जुन्या ड्रायव्हरकडे परत जाणे हाच शहाणपणा. पण खऱ्या ड्रायव्हरदोषाची खूण वेगळी असते. तो मूळ सेटिंगवर चालणाऱ्या कार्डांनाही छळतो आणि एकाच वेळी जगभरच्या खेळणाऱ्यांना दिसतो. फक्त आपल्याच खोलीत आणि फक्त घड्याळ, म्हणजे चिपचा वेग, वाढवल्यावर येणारा क्रॅश त्या जातीचा नसतो.

ओव्हरक्लॉकिंगचे आकर्षण समजण्यासारखे आहे. १९९८ मध्ये इंटेलचा सेलेरॉन ३००ए हा स्वस्त प्रोसेसर बाजारात आला. मदरबोर्डवरचा बसचा वेग ६६ वरून १०० मेगाहर्ट्‌झ केला की ३०० मेगाहर्ट्‌झची ती चिप अनेकांकडे सरळ ४५० वर चालायची. फुकटात पन्नास टक्के! त्या काळाची कीर्ती अजून ओसरलेली नाही, आणि घोटाळा तिथेच आहे. मार्च २०१२ मध्ये जीटीएक्स ६८० या कार्डासोबत एनव्हिडियाने जीपीयू बूस्ट आणले. तेव्हापासून कार्ड स्वतःचे तापमान आणि विजेचा वापर बघून आपला वेग आपणच वाढवते. खोक्यावर छापलेल्या आकड्यापेक्षा ते आधीच पुढे पळत असते. वर उरलेली जागा थोड्या टक्क्यांची असते. साठ फ्रेमच्या जागी बासष्ट मिळाल्या तर त्या खेळताना जाणवतही नाहीत, पण त्यासाठी कार्डाला कडेवर उभे राहावे लागते.

कडेवर म्हणजे काय, ते गणितातून स्पष्ट होते. चिपच्या आत ट्रान्झिस्टर चालू-बंद होण्यात जी वीज जाते, ती वेगाच्या प्रमाणात वाढते आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग पाच टक्के वाढवला आणि तो टिकावा म्हणून व्होल्टेजही पाच टक्के वाढवले, तर ही वीज सुमारे सोळा टक्के वाढते. ती सगळी उष्णता होऊन बाहेर पडते. चिप तापली की तिच्यातून गळणारा प्रवाह वाढतो आणि ट्रान्झिस्टर सहसा संथ होतात. वेग तोच मागितला जातो, पण तो द्यायला त्यांना आता जास्त व्होल्टेज हवे असते. ते मिळाले नाही तर एखादे गणित चुकते, एखादी आज्ञा अर्धवट राहते आणि दोन सेकंद निघून जातात.

याचे सर्वांत बोलके उदाहरण आरटीएक्स ३०८०चे. १७ सप्टेंबर २०२० रोजी हे कार्ड विक्रीला आले आणि थोड्याच दिवसांत तक्रारी सुरू झाल्या, की बूस्ट दोन हजार मेगाहर्ट्‌झच्या आसपास पोहोचला की गेम डेस्कटॉपवर फेकला जातो. विकत घेणाऱ्याने काहीही ताणलेले नव्हते. कारखान्यातून आलेले कार्डच स्वतःला ताणत होते. इगोर्स लॅब या जर्मन संकेतस्थळाच्या इगोर वालोसेक यांनी चिपच्या मागच्या बाजूला बसवलेल्या कपॅसिटरांकडे बोट दाखवले. ईव्हीजीए या कंपनीने जाहीर केले, की सहा मोठ्या कपॅसिटरांची मांडणी तिच्या स्वतःच्या चाचणीत टिकली नव्हती, म्हणून विक्रीपूर्वीच चार मोठे आणि वीस लहान अशी मांडणी करण्यात आली. एनव्हिडियाचे म्हणणे होते, की कपॅसिटरांच्या संख्येवरून कार्डाचा दर्जा ठरत नाही. २८ सप्टेंबरला ४५६.५५ हा ड्रायव्हर आला आणि बहुतेकांचे क्रॅश थांबले. परीक्षकांनी मोजून पाहिले, तेव्हा सर्वोच्च बूस्ट किंचित खाली आलेला आढळला.

या घटनेत ड्रायव्हरने दोष दुरुस्त केला असे वरवर वाटते. प्रत्यक्षात त्याने कार्डाला कडेपासून थोडे मागे घेतले. घरी ओव्हरक्लॉक करणाऱ्याने नेमके हेच स्वतःच्या हाताने करायचे असते, आणि आपल्या हवामानात जरा जास्तच.

आता या भागाविषयी. बारामतीत तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय १९६२ पासून आहे, विद्या प्रतिष्ठान १९७२ पासून. अभियांत्रिकी आणि माहिती तंत्रज्ञान शिकायला आजूबाजूच्या तालुक्यांतून मुले-मुली येतात, आणि असेंबल केलेला पीसी किंवा गेमिंग लॅपटॉप ही त्यांच्या खोलीतली ओळखीची वस्तू आहे. दिवसा त्यावर प्रोजेक्ट चालते, रात्री व्हॅलोरंट किंवा जीटीए. ग्राफिक्स चिपचा दबदबा आता शेतापर्यंत पोहोचला आहे. बारामतीच्या कृषी विकास ट्रस्टने मायक्रोसॉफ्ट आणि ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या साथीने उसासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचा जो प्रयोग केला, त्याची दखल मायक्रोसॉफ्टचे प्रमुख सत्या नाडेला यांनी २०२५ च्या सुरुवातीला जाहीरपणे घेतली. याच पुणे जिल्ह्यात खोडदच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या, म्हणजे जीएमआरटीच्या, तीस अँटेनांचे संकेत जुळवण्याच्या कामात ग्राफिक्स चिप वापरल्या जातात. पुण्याच्या सी-डॅकमधला परम सिद्धी-एआय हा महासंगणक एनव्हिडियाच्या ए१०० चिपवर उभा आहे आणि नोव्हेंबर २०२० च्या जागतिक यादीत तो ६३ व्या क्रमांकावर होता.

अशी यंत्रे थंड केलेल्या दालनांत, भरवशाच्या विजेवर चालतात आणि त्यांचे घड्याळ कोणी हौसेने वाढवत नाही. त्याच कुळातले कार्ड निमगाव केतकीच्या किंवा माळेगावच्या घरात बसवले की परिस्थिती पूर्ण बदलते, हे लक्षात ठेवणे महत्त्वाचे आहे. इंटरनेटवर दिसणारे ओव्हरक्लॉकचे आकडे वीस ते पंचवीस अंशांच्या खोलीत मोजलेले असतात. कार्डाचे तापमान खोलीच्या तापमानावर चढत जाते. बावीस अंशांच्या खोलीत बहात्तरवर स्थिरावणारे कार्ड चाळीस अंशांच्या खोलीत त्याच पंख्यांवर नव्वदीकडे सरकते. अनेक जीफोर्स कार्डे त्र्याऐंशीच्या आसपास वेग कमी करू लागतात. कार्ड तेच असले तरी इंटरनेटवरचा आकडा इथल्या मे महिन्याला लागू पडत नाही.

उष्णतेला धूळ साथ देते. गाळप हंगामात भवानीनगर, माळेगाव, सोमेश्वरनगर या कारखान्यांच्या वाटांवर उसाच्या ट्रॉल्या रात्रंदिवस धावतात, पाचट पेटवले जाते, आणि काळी काजळी वाळत घातलेल्या कपड्यांवर दिसते. तीच कॅबिनेटमध्ये जाते. रेडिएटरच्या पातळ पट्ट्यांमध्ये ती थर धरते आणि पंखा कितीही जोरात फिरला तरी हवा आत शिरत नाही. हंगाम संपला की, म्हणजे उन्हाळा तापायच्या आधी, कार्ड काढून साफ करणे हा कोणत्याही ड्रायव्हरपेक्षा प्रभावी उपाय आहे. ब्लोअर मारताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे, नाहीतर ते मर्यादेबाहेर फिरून बेअरिंग खराब होते. पाण्याचा कूलर थेट कॅबिनेटकडे वळवण्याचा मोहही टाळलेला बरा. दमट हवेत धूळ अधिक चिकटते, आणि बोअरच्या जड पाण्याचे थेंब उडाले तर बोर्डावर क्षार बसतात.

विजेकडे तर याहून जास्त लक्ष हवे.

गावठाणांसाठी वेगळे फीडर झाले, तरी मळ्यातल्या वस्त्यांवरची बरीच घरे शेतीपंपांच्याच वाहिनीवर असतात. पंपांची पाळी सुरू झाली की दिवे मंद होतात, हे तिथल्या कोणालाही नव्याने सांगायला नको. कमी व्होल्टेजवर पंपाची मोटर जास्त अँपिअर ओढते, तापते आणि शेवटी वाइंडिंग जळते. शेतकरी स्टार्टरच्या मीटरकडे लक्ष ठेवतो ते यासाठीच. संगणकाचा एसएमपीएस, म्हणजे त्याला वीज पुरवणारा भाग, असाच वागतो. गेम खेळताना संगणक ४०० वॅट घेत असेल, तर २३० व्होल्टवर सुमारे पावणेदोन अँपिअर लागतात. १७० व्होल्टवर तेवढ्याच कामासाठी जवळपास २.३५ अँपिअर, म्हणजे एक तृतीयांशाहून जास्त वाढ. चांगल्या एसएमपीएसच्या लेबलवर इनपुट १००–२४० व्होल्ट लिहिलेले असते आणि तो हे पेलतो. स्वस्तातल्या एसएमपीएसवर अनेकदा २००–२४० एवढेच असते. पंपांच्या पाळीत तो स्वतःच्या मर्यादेबाहेर काम करत असतो. त्याची १२ व्होल्टची वाहिनी डगमगते आणि कार्ड गोंधळते. नियमाने ती वाहिनी ११.४ ते १२.६ च्या आत राहायला हवी. एचडब्ल्यूइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर चालू ठेवून खेळले, तर कार्डापर्यंत पोहोचणारे व्होल्टेज भाराखाली किती घसरते ते दिसते. दिसणारा आकडा काटेकोर नसला तरी घसरण खरी असते.

आधुनिक कार्डांचा आणखी एक स्वभाव असा, की त्यांचा सरासरी वापर ३०० वॅट असला तरी सेकंदाच्या अगदी बारीक अंशापुरता तो त्याच्या कितीतरी पट वर उसळतो. हे इतके वाढले, की २०२२ मध्ये आलेल्या एटीएक्स ३.० या मानकात एसएमपीएसने त्याच्या क्षमतेच्या दुप्पट भार १०० मायक्रोसेकंदांपर्यंत पेलावा असे नमूद करावे लागले. ओव्हरक्लॉकमुळे उसळी आणखी उंच होते. म्हणून दोन आठ-पिन जोडण्या असलेल्या कार्डाला एसएमपीएसपासून दोन स्वतंत्र केबल द्याव्यात. एकाच केबलला फुटलेली दोन तोंडे लावणे ही असेंबल करतानाची सर्रास चूक आहे, आणि मूळ सेटिंगवर ती खपूनही जाते.

इन्व्हर्टरबद्दल वाद होतात, तेही इथेच मिटवता येतील. लाईट जाऊन इन्व्हर्टर सुरू होईपर्यंत क्षणभराची फट पडते. अनेक इन्व्हर्टरांवर ‘यूपीएस मोड’चे बटण असते आणि त्याने ही फट लहान होते. नेहमीच्या मोडमध्ये ती एसएमपीएस जेवढा वेळ तग धरतो त्यापेक्षा मोठी ठरू शकते, मग संगणक सरळ बंद होऊन पुन्हा सुरू होतो. तो ड्रायव्हरचा क्रॅश नव्हे. अर्थिंग नसलेल्या घरात कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येतात. त्यातही ड्रायव्हरचा संबंध नाही, मात्र इलेक्ट्रिशियनला बोलावण्याचे ते पुरेसे कारण आहे.

एवढे पाहून झाल्यावर लक्षणे वाचायला घ्यावीत. ती बऱ्यापैकी बोलकी असतात. गेम बंद पडून डेस्कटॉप दिसला आणि बाकी संगणक ठीक राहिला, तर बहुधा कोअरचा, म्हणजे कार्डाच्या मुख्य चिपचा, वेग जास्त झालेला असतो. पडद्यावर रंगीत ठिपके, चौकटी किंवा फाटलेले त्रिकोण दिसू लागले तर कार्डाच्या मेमरीवर संशय घ्यावा. पडदा काळा होऊन पंखे पूर्ण वेगाने घोंघावू लागले आणि संगणक परत येईना, तर कार्डाला वीज पुरेशी पोहोचली नसावी. अख्खा संगणकच बंद पडला तर आधी एसएमपीएस.

शोधाची पद्धत कंटाळवाणी आहे आणि तिला पर्याय नाही. सगळे मूळ सेटिंगवर आणायचे. कार्डाचे, प्रोसेसरचे आणि रॅमचेही. रॅमचे एक्सएमपी प्रोफाइल हेसुद्धा ओव्हरक्लॉकच आहे, हे अनेकांच्या लक्षात नसते. मग तोच गेम, तोच प्रसंग, निदान तासभर. तरीही क्रॅश झाला तर ओव्हरक्लॉकचा विषयच संपला. बहुधा कार्ड, ड्रायव्हर किंवा एसएमपीएस यांच्यात खरा दोष आहे. क्रॅश झाला नाही तर आधी फक्त कोअर वाढवायचा, तोही पंधरा-पंधरा मेगाहर्ट्‌झने, आणि मेमरीला हात लावायचा नाही. कोअरची हद्द कळली की तो मूळ जागी आणून मेमरी पाहायची. दोन गोष्टी एकदम बदलल्या की कशामुळे काय झाले ते कायमचे हरवते. प्रत्येक वेळी वेळ, खोलीचे तापमान, कार्डाचे तापमान आणि भिंतीतले व्होल्टेज वहीत लिहावे. संध्याकाळी सातला कोसळणारे आणि मध्यरात्री न कोसळणारे कार्ड अशा नोंदींतूनच उलगडते.

यासाठी बहुतेक जण एमएसआय आफ्टरबर्नर वापरतात. अलेक्सी निकोलायचुक या रशियन प्रोग्रॅमरच्या रिव्हाट्युनर या जुन्या सॉफ्टवेअरमधून ते घडले. त्यात कोअरसमोर अधिक शंभर असा आकडा टाकला, की वेग आणि व्होल्टेज यांचा संपूर्ण आलेख वर सरकतो. इथे एक फसवी गोष्ट घडते. जड दृश्यात विजेची मर्यादा कार्डाला खाली खेचते, त्यामुळे ते आलेखाच्या मधल्या भागावर सुखरूप चालते. मेन्यू किंवा लोडिंगच्या हलक्या पडद्यावर मात्र ते आलेखाच्या अगदी टोकाला पोहोचते आणि तिथे कोसळते. फरमार्क या ताणचाचणीवर तासभर टिकलेले कार्ड मेन्यूत का मरते, याचे उत्तर यात आहे. फरमार्क वीज इतकी खातो, की कार्डाचा वेग आधीच खाली आलेला असतो. एसएमपीएस आणि पंखे तपासायला तो ठीक, वेगाची खात्री करायला नाही. थ्रीडीमार्कच्या टाइम स्पायची ताणचाचणी वीस फेऱ्यांची असते आणि ९७ टक्के स्थिरता मिळाली तर पास समजली जाते, पण अंतिम परीक्षा रोजचे वेगवेगळे गेमच घेतात.

मेमरीचे वागणे आणखी फसवे. जीडीडीआर६एक्स मेमरीत पाठवलेला डेटा चुकला की तो ओळखून पुन्हा पाठवला जातो. त्यामुळे मेमरीचा वेग हद्दीपलीकडे गेला तरी क्रॅश होत नाही, उलट फ्रेम कमी होऊ लागतात. आकडा वाढवला, क्रॅश झाला नाही, म्हणून समाधानी राहिलेला खेळाडू मूळ सेटिंगपेक्षा हळू कार्डावर खेळत असू शकतो. प्रत्येक पायरीला फ्रेम मोजल्याशिवाय हे कळत नाही. रेडिऑन कार्डांवर एएमडीचे सॉफ्टवेअर अशा बिघाडानंतर ट्यूनिंग आपोआप मूळ जागी आणते आणि तसे कळवते. त्यानंतर खेळ सुरळीत चालला, तर ओव्हरक्लॉक स्थिर आहे असा चुकीचा निष्कर्ष निघायला नको.

आणि कधी दोष कार्डाच्या जवळपासही नसतो. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या वरच्या प्रोसेसरांवर अनरिअल इंजिनचे गेम ‘व्हिडिओ मेमरी संपली’ असे सांगून बंद पडत होते. लोकांनी ड्रायव्हर बदलले, काहींनी कार्डेही बदलली. जुलै २०२४ मध्ये इंटेलने मान्य केले, की मायक्रोकोडमधल्या चुकीमुळे प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होते. ऑगस्टमध्ये त्यावरचा पहिला दुरुस्त मायक्रोकोड बायॉसमार्फत आला. आधीच झिजलेल्या चिप त्याने बऱ्या होणार नव्हत्या. ज्याच्याकडे असा प्रोसेसर आहे, त्याने कार्डाला दोष देण्याआधी मदरबोर्डचे बायॉस अद्ययावत करावे.

रजिस्ट्रीत टीडीआर डिलेचा आकडा दोनवरून दहा किंवा साठ करण्याचा सल्लाही सर्रास दिला जातो. थ्रीडी रंगकामाच्या काही सॉफ्टवेअरमध्ये एकेक काम खरोखर लांबते आणि तिथे तो योग्य आहे. गेममध्ये त्याने गोठलेला पडदा फक्त जास्त वेळ पाहावा लागतो.

सेकंडहँड कार्ड घेणाऱ्यांसाठी वेगळी सावधगिरी हवी. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथिरियम या आभासी चलनाचे मायनिंग बंद झाले आणि महिनोन्‌महिने दिवसरात्र चाललेली कार्डे जगभरच्या बाजारांत आली. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात स्वस्तात मिळालेले कार्ड त्यांपैकी असू शकते. अनेक मायनर मेमरीसाठी बदललेले बायॉस टाकत. ते तसेच राहिले असेल, तर ड्रायव्हर कितीही वेळा टाकला तरी कार्ड अडखळते. जीपीयू-झेड या सॉफ्टवेअरने बायॉसची आवृत्ती पाहून ती उत्पादकाच्या मूळ आवृत्तीशी ताडावी. मेमरीवरचे थर्मल पॅड सुकलेले असतील तर ते बदलावेत. अशा कार्डावर ओव्हरक्लॉकचा विचार त्यानंतरच.

उन्हाळ्यात आणखी एक मार्ग आहे आणि या पुस्तिकेचा कल उघडपणे त्याच्याकडे आहे. वेग तोच ठेवून व्होल्टेज कमी करायचे, म्हणजे अंडरव्होल्टिंग. आफ्टरबर्नरमध्ये कंट्रोल आणि एफ दाबले की आलेख उघडतो. समजा कार्ड १.०५ व्होल्टवर जो वेग घेते, तोच वेग ०.९० व्होल्टवर टिकला, तर वर सांगितलेल्या वर्गाच्या हिशोबाने चिपच्या चालू-बंद होण्यातली वीज सुमारे सव्वीस टक्के घटते. तेवढी उष्णता कमी, पंख्यांचा आवाज कमी, एसएमपीएसवरचा ताण कमी. प्रत्येक चिप इतकी खाली जाईलच असे नाही. त्यामुळे पायरी-पायरीने उतरावे आणि कोसळू लागली की एक-दोन पायऱ्या वर यावे. थंड झालेले कार्ड बूस्ट जास्त वेळ धरून ठेवते, त्यामुळे फ्रेमसुद्धा अनेकदा कमी होत नाहीत. लॅपटॉपवर तर हाच एक मार्ग समजावा. फेब्रुवारी २०१५ मध्ये एनव्हिडियाने लॅपटॉपवरचे ओव्हरक्लॉकिंग ड्रायव्हरमधून बंद केले होते. ग्राहकांच्या नाराजीमुळे ते परत द्यावे लागले. मागणी समजते, पण पातळ सांगाड्यात आणि ठरावीक वॅटच्या अ‍ॅडॉप्टरवर ताणायला जागाच फार थोडी असते.

व्होल्टेज वाढवण्याचा सल्ला या पानांत कुठेही दिलेला नाही. मार्च २०११ मध्ये जीटीएक्स ५९० बाजारात आले, तेव्हा व्होल्टेज वाढवून पाहणाऱ्या काही परीक्षकांची कार्डे टेबलावरच जळाली होती. नवे कार्ड घेण्यासाठी घरच्यांचे मन वळवायला वर्ष लागते अशा घरांतली मुले हे वाचणार आहेत, याची जाणीव ठेवून ती मर्यादा पाळली आहे.

पुढची प्रकरणे याच क्रमाने येतात: तापमान, वीज, मूळ सेटिंगवरची कसोटी, कोअर, मेमरी, प्रोसेसर आणि शेवटी ड्रायव्हर. ड्रायव्हरच्या प्रकरणात सेफ मोडमध्ये डीडीयू या सॉफ्टवेअरने जुना ड्रायव्हर मुळापासून काढण्याची रीत सविस्तर दिली आहे, कारण ती कधी ना कधी लागतेच. घाईत असलेल्याने निदान एक करावे. आफ्टरबर्नरमधले ‘संगणक सुरू होताच लागू करा’ हे बटण कसोटी पूर्ण होईपर्यंत बंद ठेवावे, म्हणजे कार्ड कोसळले तरी पुढच्या वेळी संगणक मूळ सेटिंगवर उघडेल आणि वहीत नोंद करता येईल.